कातरण

नातिविदाद मावशीच्या मागच्या खोलीत
लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा होता.
पात्यांत अक्षरं कोरलेली, उलटी,
म्हणजे भाजल्यावर सुलटी उमटतील.
पीठ आणि पाणी, बाकी काही नाही.
मीठसुद्धा नाही, ती सांगायची,
आणि कुंपणापलीकडून आमची आई म्हणायची,
अळणी गं बाई तुमचा देव.
दोघी हसायच्या.

शुक्रवारी भाजलेले पापुद्रे ओल्या फडक्याखाली निजत.
शनिवारी ती कातरायला बसे.
पितळी नळी, एक दाब, टक्.
गोल तुकडा इगर्जीच्या डब्यात
आणि भोकाभोकांची उरलेली जाळी
माझ्या ओंजळीत.
शाळेतून आल्यावरचा तो माझा खाऊ.
जिभेवर आधी कागद,
मग काहीच नाही.

सात वर्षांची होते. विचारलं,
ह्यात देव आहे?
हातातली चळत मोजून होईपर्यंत ती बोलली नाही.
मग म्हणाली, आजून ना गो बाये.

आजून ना.
म्हणजे डब्यातल्यांकडे येणार होता,
उद्या, मिसाच्या वेळी, पाद्रीच्या चार शब्दांवर.
माझ्या हातातल्याकडे कधीच नाही.
एकच पीठ, एकच चटका,
नळीच्या आत की बाहेर, एवढंच.
मला त्या जाळीचं फार वाईट वाटलं.
खाल्ली मात्र सगळी.

पुढे तिचा ओर्लांद फार्मसी शिकून आला
आणि जेवताना म्हणाला,
प्रयोगशाळेत घातलंस तर पीठच निघेल, माय.
निघेल की, ती म्हणाली.
तू पोटात होतास तेव्हा पहिले दोन महिने
मी आरशात एकटीच दिसायचे.
आणि त्याच्या ताटात आणखी कढी वाढली.

आता तीच खाटेवर.
कुडतरीच्या तळ्यावरून दुपारचा वारा,
खिडकीला अर्धी लावलेली झडप.
पूर्वी म्हणे पुढे घंटा वाजवत, कंदील धरून यायचे,
वाटेवरची माणसं असतील तिथे गुडघे टेकायची.
पाद्र आवेर्तानो स्कूटरवरून आला,
गळ्यात दोरी, सदऱ्याच्या आत डबी.
कुत्रं भुंकलं.

तिला गिळवत नव्हतं.
त्यानं गोल मोडला, मग अर्ध्याचं अर्धं,
मग तिळाएवढं काहीतरी.
क्रिस्ताची कूड, तो म्हणाला.
आमेन ओठांवर दिसलं, ऐकू नाही आलं.
तोंड उघडलं, पिलासारखं,
आणि तेवढ्यात एक कण
फुलाफुलांच्या चादरीवर पडला.

पंच्याहत्तरीचा माणूस, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली.
खाटेची कड धरून खाली बसला.
माझा मोबाइल मागितला, उजेडासाठी.
ओल्या बोटानं चादरीवरचं एकेक फूल चाचपत गेला,
देठ, पाकळ्या, शिवण.
कुणी बोललं नाही.
पंखा क्लेमेंसियानं बंद केला होता.
मला सापडलं असतं तर मी शिवले असते का,
ते आजही ठाऊक नाही.
शेवटी बोटाला काही चिकटलं.
सकाळच्या टोस्टचा चुरा असेल कदाचित.
त्यानं ते तोंडात घातलं, डोळे मिटून,
आणि उठायला हात मागितला.

सोवळं मी पाहिलंय,
घासून पुसून, दारं लावून, देवाला जपणं.
सांडणारा देव
पहिल्यांदा पाहिला.

मग त्यानं ग्लासात बोटं बुडवली.
उरलेलं पाणी माझ्या हातात दिलं.
मोरीत नको हं, म्हणाला, मातीत.

मी ते नीरफणसाच्या बुंध्याशी ओतलं.
कुंपणालगतचं झाड, तिच्या बाजूचं.
मुळं अर्धीअधिक
आमच्या अंगणात आहेत.